कडेच्या वाटेवरच्या खुणा

१

बायको गेल्याची बातमी आली तेव्हा नकाशेबुवा फोनवर उशांबद्दल बोलत होते. सहलीला येणाऱ्या एका पाहुण्याची मान दुखत असे, त्याला पातळ उशी हवी होती. चौथ्या गावातली लॉजवाली म्हणत होती की पातळ उशी आमच्याकडे नाही, चादरीची घडी करून देऊ. तेवढ्यात दुसरा फोन वाजला.

नकाशेबुवा हे नाव त्यांना बायकोनंच ठेवलेलं. समुद्राच्या कड्यावर चार गावं आहेत, एकमेकांपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. या गावांमधून लोकांना पायी फिरवून आणायचं, हा त्या घराचा धंदा. नवरा ऑफिसात बसून आखणी करायचा, बायको प्रत्यक्ष चालून वाट बघायची आणि तिचा धाकटा भाऊ फोटो काढून गिऱ्हाईक आणायचा. "मी या धंद्याचे पाय, धाकटा तोंड, आणि आमचे नकाशेबुवा म्हणजे बूड," असं ती नव्या पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे. नकाशेबुवाही हसायचे.

आदल्या दिवशी ती दुसऱ्या गावातून तिसऱ्या गावाला निघाली होती. संध्याकाळी तिसऱ्या गावच्या खाणावळवालीनं कळवलं, "ताई पोचल्या नाहीत." दिवसभर दाट धुकं होतं. धुक्यामुळे मागे फिरली असेल, असं नकाशेबुवांनी धरलं. धाकट्यानं मात्र तसं धरलं नाही. उजाडताच पहिल्या बसनं तो शोधायला गेला.

दुसरा फोन इन्स्पेक्टरांचा होता. तिसऱ्या गावच्या होडीवाल्याला ती कड्याखालच्या खडकांवर सापडली होती.

नकाशेबुवा पोचले तोवर तिला वर आणून चादरीखाली ठेवलं होतं. इन्स्पेक्टरांना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावूनच ते बोलले.

"दोन्ही गावांच्या मध्ये दोन वाटा आहेत, तुम्हाला ठाऊक आहेच. एक कडेची, समुद्राला लागून. दुसरी वरची, कुरणातून. कडेची वाट पावसाळ्यात मध्येच खचलीय. वरनं गवत दिसतं, खाली काही नाही. त्या तिथून गेल्या."

"ती तिथे का जाईल?"

"तेच मला कळत नाही. खुणा वरच्या वाटेला आहेत, पिवळ्याधमक. मी स्वतः पाहिल्या. तुमच्या मिसेस त्या सोडून कडेनं गेल्या."

२

सगळं उरकलं. आलेली माणसं गेली. सासूबाई त्यांच्याकडेच राहत. त्या लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, एकच कुडता पुन्हा पुन्हा.

"लोक काय म्हणतायत, कानावर आलं का तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणतायत, जी स्वतःच वाट चुकते ती दुसऱ्यांना काय वाट दाखवणार."

धाकटा दाराशी उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. "आई, सोड ना. मी ताईला फोनवर सांगितलं होतं की कडेनं जाऊ नकोस, खुणा वर केल्यात. तिनं ऐकलं नाही. तिचं कुणी काही करू शकलंय का कधी? दाजी, तुम्हाला तर ठाऊक आहे."

"हट्टी होती," सासूबाई म्हणाल्या. "वेंधळी नव्हती. हट्टी आणि वेंधळी यांत फरक आहे." मग त्या जावयाकडे वळल्या. "तुम्ही आखणी करता ना? मग एवढं शोधून आणा. माझी पोर त्या वाटेनं का गेली? मला दुसरं काही नको."

नकाशेबुवा ऑफिसात जाऊन बसले. ऑफिसातली खुर्ची आता नुसती सतावत होती. बसलं की समोर तिचे जुने बूट दिसत.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, तिनंच घालून दिलेली. पावसाळ्यात कडे ढासळतात, त्यामुळे सहलीपूर्वी प्रत्येक वाट दोनदा चालायची. पहिली चाल जमिनीची. त्यात एकानं पाय रोवत, काठीनं ठोकत जायचं, जमीन पक्की आहे का ते बघायचं आणि जिथे पक्की तिथे पिवळ्या रंगाची खूण करायची. दुसरी चाल माणसांची. त्यात दुसऱ्यानं जायचं, पाठीवर पाहुण्याएवढं ओझं घेऊन, पाहुण्याच्या वेगानं. माणूस कुठे दमेल, कुठे बसेल, पाणी कुठे संपेल, एवढंच बघायचं. दुसऱ्या चालीत जमीन तपासायची नाही आणि आठवणीवरही जायचं नाही. फक्त खुणा बघून जायचं. "पाहुण्याला वाट माहीत नसते," ती म्हणायची. "आपल्याला माहीत असते, हीच आपली अडचण." नकाशावर रेघ पडायची ती दुसऱ्या चालीनंतरच. तोवर कुठली वाट घ्यायची हे ती दोघं बहीणभाऊ ठरवायची.

त्या टप्प्याची पहिली चाल धाकट्याची होती. दुसरी तिची.

नकाशेबुवा हे मनात घोळवत राहिले. ती दुसऱ्या चालीवर होती. दुसऱ्या चालीवर ती खुणा सोडून एक पाऊलही टाकत नसे. त्यावरून एकदा भर चिखलात नवऱ्याशी भांडली होती. ती हट्टी होती म्हणूनच खुणा सोडून जाणं तिला शक्य नव्हतं.

सकाळी त्यांनी बॅग भरली.

३

तिसऱ्या गावची खाणावळ कड्याला चिकटून होती. गच्चीवरून थेट पाणी दिसे. खाणावळवालीनं चहा ठेवला आणि समोर बसली.

"मी त्यांना म्हटलं होतं, लपवत नाही," ती म्हणाली. "पाहुण्यांना कडेनं आणा, म्हणजे चालत येतील ते थेट माझ्या गच्चीवर. वरनं आणलं की गावाच्या मागून शिरतात, आधी गोठे बघतात, मग माझी खाणावळ. ताई म्हणाल्या, वाट पक्की असेल तर आणते, तुझ्या गच्चीसाठी कुणाला मारत नाही." ती थांबली. तिला स्वतःचंच वाक्य लागलं. "साहेब, माझ्यावर संशय घेताय का?"

"सगळ्यांवर घेतोय."

"घ्या. पण मी तिथे कडेला जात नाही. माझं वजन बघा. मी गेले तर धड असलेली वाटही खचेल."

नकाशेबुवांना हसू आलं नाही, पण तिचं पटलं. चहा तसाच टाकून ते कडेच्या वाटेच्या तोंडाशी गेले. पोलिसांनी दोरी बांधली होती. ती ओलांडून ते थोडे पुढे गेले, जमीन पक्की होती तिथवरच. वाट अरुंद होती आणि तिच्या डोंगराकडच्या बाजूला करडे, शेवाळलेले दगड होते.

एका दगडावर शेवाळ नव्हतं. हाताच्या पंजाएवढ्या जागेत दगड नव्यासारखा उघडा पडला होता, वर पात्यानं घासल्याचे ओरखडे. पुढे दुसरा तसाच. त्याच्या पुढे आणखी एक. शेवटच्या दगडाच्या खाचेत, पातं जिथे शिरलं नव्हतं तिथे, पिवळा रंग राहिला होता.

ते उलट फिरले. लांबचा वळसा घालून वाटेच्या दुसऱ्या तोंडाशी, दुसऱ्या गावाच्या बाजूला गेले. तिथेही तेच.

म्हणजे ती चुकली नव्हती. खुणा होत्या आणि त्या या वाटेला होत्या. नंतर कोणीतरी त्या खरवडल्या होत्या.

४

कुरणवाला नकाशेबुवांना बघताच कुत्र्याला आवरण्याऐवजी त्याच्याशीच बोलू लागला. "आले बघ. आता माझी उरलेली कुंपणं मोडायला आले."

वरची वाट त्याच्या कुरणातून जात होती. पायी जाणारे फाटक उघडं टाकतात आणि मेंढ्या कड्याकडे जातात, ही त्याची जुनी तक्रार. मागल्या सहलीला तो काठी घेऊन आडवा आला होता.

"तुम्हाला लोक इथून जायला नको होते," नकाशेबुवा म्हणाले.

"नकोच होते. आजही नकोत."

"म्हणून त्यांना कडेनं पाठवलंत? कडेला खुणा करून?"

कुरणवाल्यानं काठी कुंपणाला टेकवली. मग तो म्हणाला, "तुमची बायको गेलीय म्हणून ऐकून घेतो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर दात पाडले असते. कडा खचलेला मला ठाऊक असता तर मी माझ्या मेंढ्यांसाठी आधी तिथे कुंपण घातलं असतं. माझी एक मेंढी गेली तर मी आठवडाभर जेवत नाही, आणि मी माणूस पाठवीन?"

"मग या खुणा?" नकाशेबुवांनी बाजूच्या दगडाकडे बोट दाखवलं. पिवळी, ठसठशीत खूण.

"त्याचंच तर डोकं फिरतंय. न विचारता माझे दगड रंगवलेत. कधी रंगवलेत ते सांगू? बाईंना खालून वर काढत होते ना, सगळं गाव धक्क्यावर गेलं होतं, मीही गेलो. सकाळी मेंढ्या सोडल्या तेव्हा इथे एकही खूण नव्हती. धक्क्यावरनं परत येतो तर सगळीकडे रंग!"

"तुम्ही आधी पाहिल्या नसतील."

"पाहिल्या नसतील?" कुरणवाला तरातरा गोठ्याकडे गेला आणि एका मेंढीला शिंगाला धरून घेऊन आला. तिच्या कुशीवर लोकरीत पिवळा पट्टा वाळला होता. "ही दगडाला अंग घासते, रोजची खोड. त्या दिवशी घरी आली ती अशी. वाळलेला रंग असा लागतो का? सांगा ना, शिकलेले आहात."

नकाशेबुवा मेंढीजवळ उकिडवे बसले. पट्टा बराच खाली होता. त्यांनी पुन्हा दगडाकडे पाहिलं. मग पुढच्या दगडाकडे. खुणा सगळ्या त्यांच्या गुडघ्याच्या उंचीला होत्या.

गावचे लोक खूण करतात ती छातीच्या उंचीला, लांबून दिसावी म्हणून. इतक्या खाली खूण करणारं त्या भागात एकच ऑफिस होतं. कड्यावर माणूस समोर बघत नाही, पायाशी बघतो, म्हणून खूण खालीच हवी, हा तिचा नियम होता. कडेच्या वाटेवरचे ओरखडेही गुडघ्याएवढेच होते. ते नकाशेबुवांना आत्ता आठवलं.

ते उठू लागले. कुरणवाल्यानं हात दिला.

५

होडीवाला धक्क्यावर जाळं सोडवत होता. यानंच तिला शोधलं होतं आणि तिच्याशी सगळ्यांत जास्त भांडलाही हाच होता. लोक चालायला लागले तर होडीत कोण बसणार, म्हणून.

"मी काय म्हणालो होतो त्यांना, ते सांगतो, दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा," तो म्हणाला. "म्हणालो होतो, धडधाकट माणसांना उन्हात चालवता आणि वर उपकार केल्यासारखं दाखवता! त्या म्हणाल्या, तू एकदा चालून बघ, पोट आत जाईल. अशी आमची भांडणं." त्यानं नाक पुसलं. "चेहरा ओळखला मी, तेव्हा वल्हं सुटलं हातातनं."

नकाशेबुवा त्याच्याशेजारी दगडावर बसले. जाळ्याची एक गाठ त्यांनीही सोडवून दिली. शेवटी त्यांनी विचारलं.

"सहलीच्या आधी आमच्याकडचं आणखी कोणी आलं होतं इथे?"

"तुमचा मेव्हणा आला होता ना. होडीत बसला. मला बरं वाटलं, म्हटलं, या घरात एक तरी शहाणा निघाला."

"होडीत? तो चालायला आला होता."

"चालतो कुठला! म्हणाला, पाण्यातनं कड्याचे फोटो घ्यायचेत. दुसऱ्या गावाच्या बाजूला उतरला, डबा आणि ब्रश घेऊन थोडा वर गेला, लगेच आला. मग मी कड्याच्या कडेकडेनं इकडे आणला. तो सारखा वर बघत होता. मला विचारतो, वाट सलग दिसते ना? म्हटलं, दिसते तर आहे. इथे उतरला, पुन्हा थोडा वर गेला, आला. चेहरा पांढराफटक. म्हटलं, होडी लागली का रे? म्हणाला, होय."

"होडीत असताना नाही ना लागली?"

होडीवाला आठवू लागला. "नाही बुवा. होडीत तर मजेत होता. वर जाऊन आला की पांढरा."

६

नकाशेबुवांच्या सांगण्यावरून इन्स्पेक्टरांनी धाकट्याला तिची पाठपिशवी न्यायला बोलावलं. पिशवी टेबलावर होती. नकाशेबुवा भिंतीशी बसले होते. धाकटा आला, पिशवीकडे पाहिलं आणि मग दाजींकडे पाहून तिथेच थांबला.

"बस," नकाशेबुवा म्हणाले. "मी काय समजलोय ते सांगतो. चुकलं तर सांग."

धाकटा बसला.

"खुणा कडेच्या वाटेला होत्या. दोन्ही तोंडांना, थोड्या आतपर्यंत. मध्ये एकही नव्हती, कारण मध्ये तू गेलाच नाहीस. मधलं तू खालून, होडीतून पाहिलंस. खालून वाट सलग दिसते. ताई आली. धुकं होतं. तिला पहिल्या खुणा दिसल्या, म्हणजे वाट पक्की. पुढची खूण दिसेना तेव्हा धुक्यात झाकली असेल म्हणून ती पुढे शोधत गेली. मागे फिरण्याचं कारण नव्हतं. तिचा भाऊ इथून चालून गेलाय, असं तिला वाटत होतं."

इन्स्पेक्टरांनी रुमाल खिशात ठेवला.

"पुढचं. ती पोचली नाही हे कळल्यावर मी धुक्याचा विचार केला. तू वाटेचा केलास. सकाळी तू शोधायला गेलास तो रंगाचा डबा घेऊन."

"दाजी..."

"दुसऱ्या चालीला कोणी रंग नेत नाही. तिच्या पिशवीत रंग नाही, ही बघ पिशवी. मी आलो तोवर कुरणात खुणा झालेल्या होत्या, इन्स्पेक्टरांनी पाहिल्याही होत्या. त्या सकाळी ऑफिसातून इथे आलेला माणूस एकच. गाव धक्क्यावर होतं, तुझी बहीण दोरानं वर येत होती, आणि तू कुरणात दगड रंगवत होतास. रंग ओला होता. मेंढीला लागला."

धाकट्यानं तोंड हातांत धरलं. आवाज आला तो हातांतून आला.

"मागल्या वर्षी तो पाहुणा घसरला होता ना कड्यावर, मी धरला त्याला. आठवतं? तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हापासून मला कडेला उभं राहवत नाही. पाय थरथरतात. डोळ्यापुढे खालचं पाणी येतं. तिथे पहिल्या वळणापर्यंत गेलो आणि बसून मागे सरकत आलो, लहान मुलासारखा."

"मग ताईला का नाही सांगितलंस?"

"हसली असती."

"हसली असती," नकाशेबुवा म्हणाले. "पोटभर हसली असती. आणि मग काठी घेऊन पहिल्या चालीला स्वतः गेली असती."

बाहेर कोणीतरी बादली आपटली.

"खुणा पुसल्या त्या," धाकटा म्हणाला, "त्या वाटेनं दुसरं कोणी जाऊ नये म्हणून."

"त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण मग तेवढंच करायचं होतंस. वर कशाला रंगवलंस?"

धाकट्यानं मान वर केली.

"मी सांगतो. खुणा नुसत्या गायब असत्या तर विचारणा झाली असती, पहिली चाल कोणी केली? खुणा वर असल्या की कोणी विचारत नाही. मग चूक तिची. ती वेंधळी, ती हट्टी. आईसमोर उभं राहून तू हेच म्हणालास. तू भ्यालास, त्याला माझं काही म्हणणं नाही. मीही उभं आयुष्य खुर्चीत काढलंय. पण ती मेल्यावर तू तिला वाट चुकवलीस, आणि तेव्हा तुझ्यासमोर कडा नव्हता."

इन्स्पेक्टरांनी कागद पुढे ओढला. "सुरुवातीपासून सांगा," ते धाकट्याला म्हणाले. त्यानं सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, पण सगळं. शेवटी सही केली. इन्स्पेक्टर म्हणाले, पुढचं कोर्ट बघेल, बोलावलं की यायचं, घरचं गाव सोडून कुठे जायचं नाही.

परतीच्या बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. एका थांब्यावर धाकटा उठून जवळ आला.

"दाजी, आईला तुम्ही सांगाल का?"

"नाही."

"माझ्यानं होणार नाही."

"मी त्यांना एवढंच सांगेन की त्यांची लेक चुकली नाही. ते मला सांगायचंय, मी त्यासाठीच गेलो होतो. बाकीचं तुझं आहे. ते मी तुझ्यासाठी चालणार नाही."

घरी सासूबाईंनी दार उघडलं. बॅग खाली ठेवायच्या आतच त्यांनी विचारलं, "कळलं?"

"कळलं," नकाशेबुवा म्हणाले. "ती बरोबर गेली. खुणा त्याच वाटेला होत्या. तिनं एकही चूक केली नाही."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. डोळे मिटले, उघडले. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "मग त्या खुणा केल्या कोणी?"

नकाशेबुवांनी धाकट्याकडे पाहिलं. तो उंबऱ्याशी वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. सासूबाईंनीही तिकडे पाहिलं, पण लेक गेलेली बाई मुलाकडे बघते तसंच. "तू तरी जेवून घे रे," त्या म्हणाल्या. "किती वाळलास."

सहल रद्द झाली आहे. पाहुण्यांना कळवलं आहे. कडेच्या वाटेला दोन्ही बाजूंनी कुंपण पडलं आहे, कुरणवाल्यानं स्वतः घातलं. धाकटा रोज आईच्या समोर जेवायला बसतो, आणि तिला सांगायचं अजून राहिलं आहे.